घटक ५ : फ्रान्स्वा राब्ले – आधी पुत्र, मग पिता

५.१ उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला –

• फ्रान्स्वा राब्ले याच्या जीवनातील प्रमुख टप्पे सांगता येतील.
• त्याच्या पाच पुस्तकांच्या कथामालेचा लेखनक्रम आणि कथाक्रम यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• सोळाव्या शतकातील फ्रान्समधील धार्मिक व राजकीय परिस्थितीचा या विनोदी लेखनावर झालेला परिणाम विशद करता येईल.
• ही कथामाला कोणत्या पुस्तकापासून वाचावयास घ्यावी, याविषयी स्वतःचे मत सकारण मांडता येईल.

५.२ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, शब्दनिष्ठ, प्रसंगनिष्ठ आणि स्वभावनिष्ठ हे विनोदाचे प्रकार आपल्या परिचयाचे आहेत. हास्य आणि अद्भुत या दोन रसांचा मेळ घातला गेला, म्हणजे विनोदाला आणखी एक क्षेत्र खुले होते. तेथे माणसे डोंगराएवढी होतात, तुटलेले शिर पुन्हा शिवले जाते, थंडीने शब्द गोठतात आणि उन्हाने वितळून ऐकू येऊ लागतात. अशा विनोदी अद्भुतकथेची युरोपातील एक मोठी परंपरा ज्याच्यापाशी जाऊन पोचते, तो लेखक म्हणजे सोळाव्या शतकातील फ्रेंच वैद्य आणि धर्मोपाध्याय फ्रान्स्वा राब्ले.

गार्गांतुआ हा महाकाय राजा आणि पांताग्रुएल हा त्याचा पुत्र, यांच्या कथा पाच पुस्तकांत आल्या आहेत. अशी दीर्घ कथामाला हाती घेताना वाचकापुढे पहिला प्रश्न उभा राहतो, तो सुरुवात कोठून करावी हा. राब्लेच्या बाबतीत हा प्रश्न विशेष अडचणीचा आहे. त्याने पुत्राची कथा आधी लिहिली आणि पित्याची नंतर. पुढील बहुतेक संपादकांनी वंशावळीचा क्रम मान्य करून पित्याचे पुस्तक पहिले मानले. तिसऱ्या पुस्तकापर्यंत पोचताना दहा वर्षांहून अधिक काळ उलटला होता आणि कथेची जातच बदलली होती. पाचवे पुस्तक तर लेखकाच्या मृत्यूनंतर बाहेर आले. यांपैकी कोणते दार उघडून आत जावे, याचे उत्तर ग्रंथाच्या अनुक्रमणिकेत मिळत नाही. ते लेखकाच्या जीवनक्रमात शोधावे लागते. म्हणून प्रथम आपण त्याचे चरित्र पाहू.

५.३ विषय-विवेचन

५.३.१ बालपण आणि मठातील वर्षे

राब्लेच्या जन्मवर्षाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. १४८३ आणि १४९४ अशी दोन वर्षे प्रामुख्याने सांगितली जातात. त्याचे वडील आंत्वान राब्ले हे शिनों या गावचे वकील होते. शिनोंजवळ सय्यी गावाच्या परिसरात ला दव्हिनिएर नावाची त्यांची शेतवाडी होती. द्राक्षमळे, लहानसा मठ, नदीवरील वाहतूक आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची भांडणे या वातावरणात त्याचे बालपण गेले. ही माहिती केवळ चरित्राची सजावट म्हणून लक्षात ठेवावयाची नाही. पुढे त्याने रंगविलेले एक संपूर्ण युद्ध याच चार-सहा मैलांच्या मुलखात घडते.

तरुणपणी तो फ्रान्सिस्कन पंथात दाखल झाला. फॉन्तने-ल-कोंत येथील मठात राहत असताना त्याला आणि प्येर आमी या त्याच्या सहकाऱ्याला ग्रीक भाषेचा छंद लागला. त्या काळी ग्रीक शिकणे म्हणजे केवळ एक जुनी भाषा शिकणे नव्हते. एरास्मुसने बायबलच्या नव्या कराराची मूळ ग्रीक संहिता प्रसिद्ध केली होती आणि शतकानुशतके प्रमाण मानलेले लॅटिन भाषांतर मूळाशी ताडून पाहता येऊ लागले होते. पॅरिस विद्यापीठाची धर्मशास्त्र-विद्याशाखा, जी लोकांत सोर्बोन या नावाने ओळखली जाई, तिला हे ज्ञान धोक्याचे वाटले. १५२३ च्या सुमारास मठाच्या वरिष्ठांनी राब्ले आणि आमी यांची ग्रीक पुस्तके काढून घेतली. ग्रीक विद्येचा मोठा फ्रेंच पंडित गियोम ब्युदे याच्याशी राब्लेचा पत्रव्यवहार होता. पुस्तके पुढे परत मिळाली. पण मठाविषयीचा विश्वास परत आला नाही.

पोपची अनुज्ञा घेऊन राब्ले बेनेडिक्टाइन पंथात गेला. मायझे येथील बिशप जोफ्रुआ देस्तिसाक याने त्याला आपल्याजवळ ठेवून घेतले. हा आश्रयदाता विद्येचा चाहता होता आणि त्याच्याबरोबर राब्लेला प्रवास घडला. पुढे काही वर्षांनी राब्ले मठ सोडून बाहेर पडला आणि साध्या धर्मोपाध्यायाच्या वेषात वावरू लागला. या काळातील त्याच्या संबंधांतून झालेल्या दोन अपत्यांना पुढे १५४० मध्ये पोपने औरस म्हणून मान्यता दिली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मठाची, पंडितांची आणि धर्माधिकाऱ्यांची जी थट्टा त्याच्या पुस्तकांत पानोपानी आढळते, ती बाहेरून पाहणाऱ्याने केलेली थट्टा नाही. ज्याची पुस्तके उचलून नेली गेली, अशा आतल्या माणसाची ती थट्टा आहे.

५.३.२ वैद्यकीचे शिक्षण, ल्यों शहर आणि पहिले पुस्तक

१५३० च्या सप्टेंबरात राब्लेने मोंपेलिए येथील प्रसिद्ध वैद्यक विद्यापीठात नाव नोंदविले आणि अवघ्या काही आठवड्यांत पहिली पदवी मिळविली. एवढ्या थोड्या अवधीत पदवी मिळण्याचे कारण त्याची पूर्वतयारी हे होते. तेव्हाचे वैद्यक मुख्यतः ग्रंथाधिष्ठित होते, आणि हिप्पोक्रेटिस व गेलेन हे त्याचे आधारग्रंथकार ग्रीकमध्ये लिहीत. १५३१ मध्ये राब्लेने त्यांच्या ग्रंथांवर मूळ ग्रीकवरून व्याख्याने दिली. मठात जप्त झालेली विद्या येथे उपयोगी पडली.

१५३२ मध्ये तो ल्यों येथे आला. ल्यों हे त्या वेळी जत्रांचे, सावकारी पेढ्यांचे आणि छापखान्यांचे शहर होते. १ नोव्हेंबर १५३२ रोजी शहराच्या मोठ्या धर्मादाय रुग्णालयात, ओतेल-द्य येथे, वर्षाला ४० लिव्र वेतनावर त्याची वैद्य म्हणून नेमणूक झाली. त्याच वर्षी त्याने हिप्पोक्रेटिस आणि गेलेन यांच्या काही ग्रंथांची आवृत्ती संपादित केली आणि एरास्मुसला कृतज्ञतेचे पत्र लिहिले. विद्वान म्हणून त्याचे नाव होत होते.

याच सुमारास ल्योंच्या बाजारात एक स्वस्त, निनावी पुस्तिका विकली जात होती. तिच्यात गार्गांतुआ नावाच्या महाकाय पुरुषाच्या करामती होत्या. जत्रेतून विकत घ्यावी, घरी मोठ्याने वाचावी आणि हसावे, असा तिचा प्रकार होता. राब्लेने या बाजारी यशाचा धागा पकडला आणि त्या महाकायाच्या पुत्राची कथा लिहिली. पांताग्रुएल हे नाव त्याने जुन्या धार्मिक नाटकांतून उचलले. तेथे तो दारुड्यांच्या तोंडात मीठ टाकून त्यांना तहान लावणारा एक लहानसा सैतान होता. राब्लेने त्या टिचभर सैतानाचा प्रचंड राजपुत्र केला. तहान मात्र तशीच ठेवली.

‘पांताग्रुएल’ १५३२ मध्ये अल्कोफ्रिबास नाझिए या नावाने प्रसिद्ध झाले. हे नाव म्हणजे फ्रान्स्वा राब्ले या नावातील अक्षरांची फिरवाफिरव. टोपणनाव घेण्याची प्रथा आपल्याकडेही आहे. गडकऱ्यांचे विनोदी लेखन ‘बाळकराम’ या नावाने आले. पण राब्लेच्या टोपणनावात खेळाइतकीच सावधगिरीही होती. रुग्णालयाचा वैद्य आणि पंथाचा नियम मोडून बाहेर पडलेला साधू, अशा माणसाला असल्या पुस्तकाखाली स्वतःचे नाव घालणे परवडणारे नव्हते.

पुस्तकाची घडण सैल आहे. भयंकर अवर्षणात नायकाचा जन्म होतो आणि त्याची आई प्रसूतीत मरण पावते. गार्गांतुआ पत्नीसाठी रडू लागतो, पुत्राकडे पाहून हसू लागतो आणि दोहोंमध्ये हेलकावे खातो. राजपुत्र फ्रान्समधील विद्यापीठे पालथी घालतो. एका मठाच्या ग्रंथालयातील काल्पनिक ग्रंथांची लांबलचक हास्यास्पद यादी येते. त्यानंतर लगेच पित्याचे पुत्रास पत्र येते. नव्या युगाच्या विद्येविषयीचे हे पत्र पूर्ण गंभीर आहे. मग पानुर्ज भेटतो. तो भुकेला, फाटका, अनेक भाषांत बोलणारा आणि कोणत्याही भाषेत जेवण मागणारा आहे. शेवटी युद्ध होते आणि निवेदक स्वतःच पांताग्रुएलच्या तोंडात शिरतो. आत त्याला शहरे, डोंगर आणि कोबीची लागवड करणारा एक शेतकरी भेटतो. बाहेरच्या जगाची त्या शेतकऱ्याने केवळ बातमी ऐकलेली असते. नव्या खंडांचे शोध लागत असताना लिहिलेला हा प्रसंग वाचकाला हसवतो आणि आपण तरी कोणाच्या तोंडात राहत आहोत, असा विचार करावयास लावतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
अ) ग्रीक भाषेचा अभ्यास सोर्बोनला धोक्याचा का वाटला?
आ) ‘पांताग्रुएल’ या नावाचा उगम सांगा.
इ) राब्लेने टोपणनाव घेण्यामागील कारणे लिहा.

५.३.३ पित्याची कथा नंतर येते

१५३४ च्या आरंभी राब्ले जाँ द्यु बेले या बिशपचा वैद्य म्हणून रोमला गेला. हा बिशप राजनीतिज्ञ होता. पुढे तो कार्डिनल झाला आणि आयुष्यभर राब्लेचा आधार राहिला. रोमहून परतल्यावर राब्लेने ‘गार्गांतुआ’ प्रसिद्ध केले. त्याचे प्रकाशन १५३४ च्या अखेरीचे की १५३५ च्या आरंभीचे, याविषयी दोन मते आहेत. हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. पण १५३४ च्या ऑक्टोबरात फ्रान्समध्ये मोठी घटना घडली होती. कॅथलिक प्रार्थनाविधीवर कडवट टीका करणारी भित्तिपत्रके एका रात्रीत अनेक शहरांत लागली. राजा पहिला फ्रान्स्वा याने तोवर नव्या विचारांकडे बऱ्याच सहिष्णुतेने पाहिले होते. आता त्याची भूमिका कठोर झाली. धरपकड आणि जाळून मारण्याच्या शिक्षा सुरू झाल्या. १५३५ च्या फेब्रुवारीत राब्ले रुग्णालयाला न कळवताच ल्योंमधून निघून गेला आणि त्याची जागा दुसऱ्याला देण्यात आली.

‘गार्गांतुआ’चा आराखडा ‘पांताग्रुएल’सारखाच आहे. अद्भुत जन्म, शिक्षण, नव्या सोबत्याची भेट, युद्ध आणि विजय हेच टप्पे येथेही येतात. पण येथे लेखकाचा हात बसलेला दिसतो. गार्गांतुआ आईच्या डाव्या कानातून जन्मतो. त्याच्या दुधासाठी १७,९१३ गायी लागतात. अशक्य गोष्ट सांगावयाची आणि आकडा मात्र हिशेबनिसाच्या काटेकोरपणे द्यावयाचा, हे राब्लेचे आवडते तंत्र आहे. अतिशयोक्ती अलंकाराचा विनोदासाठी होणारा उपयोग अभ्यासताना हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

शिक्षणाचे प्रकरणही केवळ हसण्यासाठी नाही. जुन्या गुरूंच्या हाताखाली गार्गांतुआ वर्षानुवर्षे घोकंपट्टी करतो आणि अधिकच मठ्ठ होत जातो. नवा गुरू त्याच्या दिवसाची आखणी बदलतो. त्यात ग्रंथवाचन आहे, तसेच व्यायाम, वनस्पतींचे निरीक्षण, वाद्यवादन आणि कारागिरांच्या कामाची पाहणीही आहे. लेखकाने स्वतः मठात आणि विद्यापीठात जे अनुभवले, त्याचा ताळेबंद येथे मांडला आहे.

यानंतर युद्ध येते. त्याचे कारण आहे रोट्या. लेर्ने गावचे भटारी भाजलेल्या रोट्या घेऊन चाललेले असतात. राखणीला बसलेले मेंढपाळ त्या रास्त भावाने मागतात. भटारी देत नाहीत, शिवीगाळ करतात, मारामारी होते. आणि लेर्नेचा राजा पिक्रोशोल एवढ्या कारणावरून सैन्य घेऊन चाल करून येतो. त्याचे सल्लागार त्याला बसल्या जागी साऱ्या जगाचा सम्राट करून टाकतात. गार्गांतुआचा वृद्ध पिता ग्रांगुझिए मात्र दूत पाठवतो, नुकसानभरपाई देतो, हात जोडतो आणि सर्व उपाय थकल्यावरच लढतो. विजयानंतर पराभूतांना दया दाखवली जाते. शेजारच्या लेर्नेचा जमीनदार आणि राब्लेचे वडील यांच्यात नदीवरील वाहतुकीवरून प्रत्यक्षात दावा चालला होता. त्या दाव्याचे पडसाद या युद्धात आहेत, असे अभ्यासक मानतात. दुसरीकडे, सम्राट पाचवा चार्ल्स याच्या जगज्जेतेपणाच्या आकांक्षांचीही ही खिल्ली आहे. गावकीचे भांडण आणि युरोपचे राजकारण एकाच रोटीवर आणून ठेवणे ही राब्लेच्या विनोदाची खरी ताकद होय.

युद्धातील शूर मठवासी जाँ याला बक्षीस म्हणून थेलेम नावाचा मठ मिळतो. त्याला भिंती नाहीत आणि घड्याळ नाही. तेथे स्त्री-पुरुष एकत्र राहतात आणि ज्याने त्याने आपल्या इच्छेने वागावे एवढाच नियम असतो. घंटेच्या ठोक्यावर आयुष्य काढलेल्या आणि ग्रंथ हिरावले गेलेल्या माणसाने रचलेले हे प्रतिस्वप्न आहे.

५.३.४ दीर्घ खंड आणि तिसरे पुस्तक

‘गार्गांतुआ’नंतर दहा वर्षांहून अधिक काळ कथामालेत नवे पुस्तक आले नाही. राब्ले स्वस्थ बसला नव्हता. १५३६ मध्ये त्याने रोममध्ये पोपकडून मठत्यागाच्या दोषाबद्दल क्षमा मिळविली. १५३७ मध्ये मोंपेलिए येथे त्याला वैद्यकाची सर्वोच्च पदवी मिळाली. त्याच सुमारास ल्योंमध्ये फाशी दिलेल्या एका माणसाच्या देहाचे त्याने जाहीर विच्छेदन केले. पुढे जाँ द्यु बेलेचा भाऊ गियोम याच्या पदरी तो तुरीनमध्ये राहिला. १५४३ च्या जानेवारीत गियोमचा मृत्यू झाला आणि त्याच वर्षी जुना आश्रयदाता देस्तिसाकही गेला.

१५४२ मध्ये पहिल्या दोन पुस्तकांची सुधारित आवृत्ती राब्लेने काढली. सोर्बोनविषयीचे बोचरे उल्लेख त्याने मवाळ केले. पण त्याच वर्षी एतिएन दोले या ल्योंच्या मुद्रकाने जुनाच मजकूर परवानगीवाचून छापला. लेखकाने सावधपणे झाकलेले मित्राने उघडे केले आणि दोघांतील स्नेह संपला. १५४३ मध्ये सोर्बोनच्या निषिद्ध ग्रंथांत या पुस्तकांची गणना झाली.

१५४६ मध्ये ‘तिसरे पुस्तक’ आले. त्यावर प्रथमच फ्रान्स्वा राब्ले हे खरे नाव होते, त्यापुढे वैद्य ही पदवी होती आणि राजाचा मुद्रण-परवाना होता. नाव लपवणे व्यर्थ झाले होते आणि राजाश्रय हेच संरक्षण उरले होते. तरीही सोर्बोनने पुस्तक दोषी ठरविले. त्याच वर्षी ३ ऑगस्टला पॅरिसच्या प्लास मोबेर या चौकात एतिएन दोलेला त्याच्या ग्रंथांसह जाळण्यात आले. राब्ले त्या वर्षी फ्रान्सच्या राज्याबाहेरील मेत्स शहरात जाऊन राहिला. तेथून त्याने कार्डिनल द्यु बेलेकडे पैशाची याचना करणारे पत्र पाठविले. आज ज्याला आपण मनमुराद हास्याचा लेखक म्हणतो, त्याच्या आयुष्याची ही दुसरी बाजू आहे.

‘तिसरे पुस्तक’ वाचणाऱ्याला महाकाय देह जवळजवळ विसरावे लागतात. प्रश्न एकच आहे : पानुर्जने लग्न करावे की करू नये? लग्न केल्यास पत्नी प्रतारणा करील काय, या भीतीने त्याला पछाडले आहे. तो ग्रंथशकुन पाहतो, स्वप्ने पाहतो, म्हाताऱ्या जोगतिणीला, मुक्या-बहिऱ्याला, मरणोन्मुख कवीला, ज्योतिष्याला, धर्मशास्त्र्याला, वैद्याला, तत्त्वज्ञाला आणि शेवटी वेड्याला विचारतो. प्रत्येक उत्तराचा तो आपल्या सोयीचा अर्थ लावतो. याच पुस्तकात फासे टाकून निवाडे करणारा न्यायाधीश आहे. तो फाशांचा निकाल वर्षानुवर्षे चाललेल्या कागदपत्रांच्या ढिगाने झाकतो. प्रसंगनिष्ठ विनोदाची जागा येथे वादविवादाने घेतली आहे. जो वाचक येथून सुरुवात करील, त्याला पानुर्ज कोण, पांताग्रुएल त्याचे इतके का ऐकून घेतो, हे कळणार नाही. आणि जो धीर धरून क्रमाने येथवर येईल, त्याला हे पुस्तक सर्वांत प्रौढ वाटण्याची शक्यता आहे.

५.३.५ चौथे पुस्तक आणि अखेरची वर्षे

१५४७ मध्ये पहिला फ्रान्स्वा मरण पावला आणि दुसरा आंरी गादीवर आला. राब्ले कार्डिनलबरोबर पुन्हा रोमला गेला. १५४८ मध्ये ‘चौथ्या पुस्तका’चा अकरा प्रकरणांचा अपुरा भाग ल्योंमध्ये छापला गेला. एव्हाना त्याच्यावर दोन्ही बाजूंनी मारा होत होता. १५४९ मध्ये एका कॅथलिक मठवाशाने त्याच्यावर जहाल टीका केली, तर १५५० मध्ये जिनिव्हाच्या कॅल्व्हिनने त्याची गणना धर्मनिंदकांत केली. दोन्ही छावण्यांना सारखाच नकोसा होणे, हे त्याच्या हास्याचे प्राक्तन ठरले.

१५५१ मध्ये त्याला मदों आणि सॅं-क्रिस्तोफ-द्यु-जांबे या दोन गावांची धर्मोपाध्यायपदे मिळाली. १५५२ च्या आरंभी ‘चौथे पुस्तक’ पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाले. पानुर्जच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी सारी मंडळी दिव्य बाटलीच्या देवतेकडे समुद्रमार्गे निघतात, हा त्याचा विषय आहे. प्रत्येक बेटावर एकेक वेड आहे. एका बेटावरचे लोक मार खाऊन पोट भरतात, कारण त्यांचा धंदा समन्स बजावण्याचा आहे. दुसऱ्या बेटावर पोपची मूर्तिपूजा चालते. वादळात पानुर्ज रडत बसतो आणि जाँ दोर ओढतो. याच प्रवासात गोठलेले शब्द वितळून युद्धाच्या आरोळ्या ऐकू येतात. सोर्बोनने पुन्हा निषेध केला आणि पॅरिसच्या न्यायसभेने पुस्तकाची विक्री काही काळ थांबविली. १५५३ च्या जानेवारीत राब्लेने दोन्ही धर्मपदांचा राजीनामा दिला आणि त्याच वर्षी पॅरिसमध्ये त्याचा मृत्यू झाला.

५.३.६ मृत्यूनंतरचे पाचवे पुस्तक

१५६२ मध्ये ‘निनादी बेट’ या नावाने काही प्रकरणे बाहेर आली आणि १५६४ मध्ये ‘पाचवे पुस्तक’ म्हणून ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात प्रवास संपतो आणि बाटलीची देवता बोलते. यातील किती मजकूर राब्लेचा आणि किती इतरांनी जोडलेला, यावर दीर्घकाळ वाद चालू आहे. त्याच्या मागे राहिलेल्या टिपणांचा वापर त्यात झाला असावा, पण ग्रंथाला अखेरचे रूप त्याने दिलेले नाही, असे सर्वसाधारण मत आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
अ) पिक्रोशोलच्या युद्धाचे कारण कोणते? त्यामागील दोन संदर्भ सांगा.
आ) ‘तिसरे पुस्तक’ खऱ्या नावाने प्रसिद्ध करण्याचे महत्त्व स्पष्ट करा.

५.३.७ वाचनाची सुरुवात कोठून करावी?

आता आपण मूळ प्रश्नाकडे वळू. वाचकापुढे तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग कथाक्रमाचा. आधी पिता, मग पुत्र. बहुतेक आवृत्त्या याच क्रमाने छापलेल्या असल्याने हा मार्ग सहज घडतो. त्याचा लाभ असा की अधिक रेखीव पुस्तक आधी वाचावयास मिळते. तोटा मात्र मोठा आहे. ‘गार्गांतुआ’नंतर ‘पांताग्रुएल’ वाचताना तोच आराखडा पुन्हा, आणि तोही सैलपणे, आलेला दिसतो. लेखक थकला, अशी समजूत होते. वस्तुस्थिती उलट आहे. तो थकलेला नसून नुकताच सुरुवात करीत आहे.

दुसरा मार्ग निवडक प्रकरणांचा. ज्याच्यापाशी चार-आठ दिवसच आहेत, त्याने ‘गार्गांतुआ’तील पिक्रोशोलचे युद्ध आणि थेलेमचा मठ एवढे वाचावे. त्यासाठी पूर्वकथेची फारशी गरज पडत नाही.

तिसरा मार्ग लेखनक्रमाचा, आणि साहित्याच्या विद्यार्थ्याने तोच पत्करावा असे या घटकाचे प्रतिपादन आहे. ‘पांताग्रुएल’ने आरंभ करावा. त्यात जत्रेतील पुस्तिकेचा वास आहे, टोपणनावाचा धीटपणा आहे, आणि गंमत करता करता पित्याच्या पत्रासारखे गंभीर लेखन हाती येते तेव्हा लेखकाला वाटलेले आश्चर्यही आहे. मग ‘गार्गांतुआ’ वाचावे, म्हणजे तोच आराखडा लेखकाने कसा सुधारला हे दिसेल. त्यानंतर ‘तिसरे’ आणि ‘चौथे’ पुस्तक घ्यावे. देह लहान होत गेले आणि भीती मोठी होत गेली, हे या क्रमानेच जाणवते. पाचवे पुस्तक शेवटी आणि सावधपणे वाचावे.

काही व्यावहारिक सूचना लक्षात ठेवाव्यात. ‘पांताग्रुएल’च्या आरंभीची लांबलचक वंशावळ हे पुराणांतील वंशावळींप्रमाणे रचलेल्या धर्मग्रंथीय यादीचे विडंबन आहे. ती चाळून पुढे जाण्यास हरकत नाही. ‘तिसरे पुस्तक’ सलग न वाचता रोज एक सल्लागार या बेताने वाचावे. शरीरधर्मांविषयीचा विनोद पावलोपावली येतो. रशियन समीक्षक बाख्तिन याने त्याचा संबंध लोकोत्सवांतील मुक्त हास्याशी जोडला आहे, तो विचार उपयुक्त आहे. मात्र पानुर्जने एका स्त्रीची केलेली क्रूर विटंबना केवळ लोकोत्सव म्हणून सोडून देता येत नाही. तेथे वाचकाने आपली विवेकबुद्धी जागी ठेवावी.

मराठी विद्यार्थी ही पुस्तके बहुधा इंग्रजी भाषांतरांतून वाचेल. सतराव्या शतकातील टॉमस अर्कहार्टचे भाषांतर रसाळ असले, तरी ते मूळात बरीच भर घालते. एम. ए. स्क्रीच याच्या आधुनिक भाषांतरात ‘पांताग्रुएल’ आधी दिले आहे. म्हणजे त्याची अनुक्रमणिका आपण सुचविलेल्या मार्गानेच जाते. दुसरी कोणतीही प्रत हाती आली, तर दुसऱ्या क्रमांकाचे पुस्तक आधी उघडावे.

५.४ सारांश

राब्लेने साधू, वैद्य, संपादक आणि धर्मोपाध्याय अशा अनेक भूमिका निभावल्या. त्याच्या कथामालेचा लेखनक्रम हा त्याच्या आयुष्याचाच क्रम आहे. १५३२ मध्ये टोपणनावाने आलेले पुत्राचे पुस्तक, त्यामागून पित्याचे पुस्तक, दीर्घ खंडानंतर १५४६ मध्ये खऱ्या नावाने आलेले वादसंवादाचे पुस्तक, १५५२ मधील समुद्रप्रवास आणि मृत्यूनंतरचा संशयित शेवट, असे तिचे टप्पे होत. वंशावळीने पिता आधी असला, तरी लेखकाच्या मनात पुत्र आधी जन्मला. म्हणून वाचकानेही पुत्रापासूनच आरंभ करणे इष्ट ठरते. त्या क्रमाने वाचल्यास ही पाच पुस्तके महाकाय माणसांच्या गमतींचा संग्रह राहत नाहीत. पुस्तके जप्त होण्यापासून मित्र जाळला जाण्यापर्यंत सारे पाहूनही हसणे न सोडलेल्या एका माणसाची ओळख त्यांतून होते.

५.५ शब्दार्थ

महाकाय – प्रचंड देहाचा
मुद्रण-परवाना – ग्रंथ छापण्यास व विकण्यास राजाने दिलेली अधिकृत अनुमती
धर्मोपाध्याय – ख्रिस्ती धर्मातील पुरोहित
विडंबन – गंभीर रचनेचे हास्यकारक अनुकरण
विच्छेदन – शरीररचनेच्या अभ्यासासाठी मृतदेह उघडून पाहणे

५.६ स्वाध्याय

१) राब्लेच्या मठजीवनाचा त्याच्या विनोदी लेखनावर झालेला परिणाम सोदाहरण स्पष्ट करा.
२) ‘पांताग्रुएल’ आणि ‘गार्गांतुआ’ यांच्या आराखड्यांतील साम्यभेद लिहा.
३) दीर्घ कथामाला लेखनक्रमाने वाचावी की कथाक्रमाने? या घटकातील प्रतिपादन आपल्याला पटते काय? सकारण चर्चा करा.
४) अतिशयोक्ती आणि काटेकोर आकडा यांच्या संयोगातून निर्माण होणारा विनोद आपल्या वाचनातील एखाद्या मराठी उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करा.